रक्तातला आकडा आणि फुफ्फुसातली गाठ : वाचकांचे प्रश्न

फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर सापडला, ऑपरेशन होऊ शकतं असं कळलं, की घरातला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पुन्हा होईल का? त्याचं उत्तर रक्तातल्या किंवा गाठीतल्या प्रथिनांवरून, म्हणजे ‘मार्कर’वरून, कितपत मिळतं, याबद्दल विदर्भातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे. चाळीस वर्षं बिडी ओढतात. उजव्या फुफ्फुसात २.४ सेंटिमीटरची गाठ निघाली, बायोप्सीत अॅडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) आला. ऑपरेशनआधीच्या तपासणीत सीईए ८.६ आहे. आकडा वाढला म्हणजे आजार पसरला, ऑपरेशन करून उपयोग नाही, असं नातेवाईक म्हणतात. (वरुड, जि. अमरावती)

नाही. एवढ्यावरून आजार पसरला असं ठरत नाही, आणि एवढ्यावरून ऑपरेशन तर अजिबात रद्द करायचं नाही.

सीईए हे प्रथिन १९६५ मध्ये कॅनडात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधलं. पोटातल्या बाळाच्या आतड्यात ते भरपूर असतं, मोठेपणी अगदी थोडं उरतं. तंबाखू न ओढणाऱ्यात साधारण ३ पर्यंत, ओढणाऱ्यात ५ पर्यंत (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) ते सामान्य धरतात. नुसत्या बिडीने ते चढतं. दम्यासारखा जुना श्वासविकार, यकृताचा आजार, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची सूज यांतही चढतं. ८.६ मधला किती भाग गाठीचा आणि किती चाळीस वर्षांच्या बिडीचा, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही.

तरी आकडा निरर्थक नाही. पहिल्या स्टेजच्या रुग्णांचे दोन गट केले, तर ऑपरेशनआधी सीईए वाढलेल्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. हे पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. म्हणून डॉक्टर ती तपासणी सांगतात. पण तो गटाचा हिशेब आहे. तुमच्या वडिलांचा खरा हिशेब गाठीच्या आकारावर आणि लसिका ग्रंथींवर (लिम्फ नोड) आहे. ग्रंथी स्वच्छ असतील, म्हणजे त्यांत कॅन्सर नसेल, तर ही गाठ स्टेज १ए३ मध्ये बसते. जगभरातल्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलेले आकडे असे : १ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत ५ वर्षांनी १०० पैकी सुमारे ९२ जण हयात असतात, १ ते २ मध्ये ८३, २ ते ३ मध्ये ७७, ३ ते ४ मध्ये ६८ आणि ४ ते ५ मध्ये ६०. सेंटिमीटरगणिक फरक पडतो. म्हणून ‘थोडी शेतीची कामं आटोपू द्या, मग बघू’ म्हणत दोन-तीन महिने घालवू नका.

आपल्या भागासाठी इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. पेट-सीटीत (जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकवून दाखवणारा स्कॅन) छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथी चमकल्या की पसरल्याचा शिक्का बसतो. पण जुन्या-नव्या टीबीच्या ग्रंथीही पेटवर तशाच चमकतात. त्या ग्रंथीतून सुईने नमुना घेतल्याशिवाय (श्वासनलिकेतून दुर्बिणीने घेतात, त्याला ईबस म्हणतात) स्टेज वाढवू द्यायची नाही. ‘ग्रंथीचा नमुना घेतला का?’ हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. सीईए वाढलेला आहे, हे या तपासणीचा आग्रह धरायला मात्र चांगलं कारण आहे.

बिडी आजच बंद. ऑपरेशननंतर न्यूमोनिया होण्याचा धोका त्याने कमी होतो. मात्र बिडी सुटायची वाट पाहत तारीख पुढे ढकलायची नाही.

प्रश्न : माह्या बाबाचं फुफ्फुसाचं ऑपरेशन नागपूरले झालं. आधी सीईए ११ होता, दीड महिन्यानं ३ आला. म्हंजे रोग गेला म्हणायचं का जी? आता दर महिन्याले रक्त तपासू का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

११ वरून ३ ही चांगली खूण आहे. तो वाढलेला सीईए बहुतेक गाठीतूनच येत होता आणि गाठीबरोबर गेला, असा त्याचा अर्थ. ऑपरेशननंतरही ज्यांचा आकडा खाली येत नाही, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. तुम्ही दीड महिना थांबून तपासलं हेही बरोबर केलं. रक्तातलं सीईए निम्मं व्हायलाच काही दिवस लागतात. आठव्या-दहाव्या दिवशी तपासलेला आकडा अर्धवट उतरलेला असतो आणि घरात उगाच रडारड होते.

पण ‘रोग गेला’ हे सीईए सांगू शकत नाही. डोळ्यांना किंवा यंत्राला न दिसणाऱ्या थोड्या पेशी मागे राहिल्या, तरी आकडा ३ च राहू शकतो. लक्ष ठेवायचं मुख्य साधन छातीचा सीटी स्कॅन. पहिली २ ते ३ वर्षं दर ६ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. हा सीटी चुकवून त्याऐवजी रक्त तपासणं, ही आम्हाला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. रक्ताची तपासणी तालुक्याला होते, सीटीसाठी नागपूर किंवा यवतमाळ गाठावं लागतं, म्हणून ती होते. कारण समजतं, तरी ती चूकच.

दर महिन्याला रक्त तपासायची गरज नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर सीटीच्या तारखेलाच सीईए करा. आणि ते करण्यात अर्थ आहे तो बाबांचा आकडा आधी वाढलेला होता म्हणून. ज्यांचा सीईए ऑपरेशनआधी २ होता, त्यांची गाठ मुळात ते प्रथिन सोडतच नव्हती. त्यांच्यात आकडा २ राहिला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

नेहमी एकाच लॅबमध्ये, एकाच यंत्रावर तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमध्ये अँटिबॉडी वेगळी असते. तेच रक्त एकीकडे ३.८ आणि दुसरीकडे ५.२ दाखवू शकतं, आणि दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त देण्याआधी किमान २-३ दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. अनेक यंत्रांच्या रसायनात बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की सीईए खोटा कमी येतो. म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी कागदावर सगळं ठीक दिसतं.

आकडा चढलाच तर आधी ४ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत करा. मधे खोकला-ताप झाला असेल तर तो बरा झाल्यावर. दुसऱ्यांदाही वर गेला तर तारखेची वाट न पाहता सीटी. नुसत्या आकड्यावर केमो सुरू करत नाहीत.

प्रश्न : तालुक्याच्या गावी लॅब चालवतो. सीईए, सायफ्रा, एनएसई यांचे नमुने नागपूरला पाठवतो. एनएसई वारंवार वाढलेला येतो, मग डॉक्टर आमच्यावर चिडतात. चूक कुठे होत असावी? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

बहुधा रक्त फुटतंय. एनएसई हे प्रथिन तांबड्या पेशींत भरलेलं असतं. पेशी फुटल्या की ते सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) उतरतं आणि आकडा वर जातो. सीरम डोळ्यांना गुलाबी दिसण्याइतकंही फुटावं लागत नाही, त्याच्या आधीच एनएसई बिघडतो. आणि रक्त न फुटताही, गुठळीवर सीरम तासन्‌तास तसंच ठेवलं तर पेशींतून ते झिरपत राहतं. सकाळी ९ ला घेतलेली नळी दुपारच्या एसटीने तशीच गेली, संध्याकाळी नागपूरला फिरवली, तर आकडा वाढणारच.

त्यामुळे सीरम तुमच्याकडेच वेगळं करायचं. २१ किंवा २२ नंबरची सुई घ्या. दंडाचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवू नका. सिरिंजने घेतलं तर सुई काढून रक्त नळीच्या भिंतीवरून हळू सोडा. सुईतूनच दट्ट्या दाबून पिचकारी मारली की पेशी फुटतात, आणि घाईत हेच होतं. नळी अर्धा तास उभी ठेवून गुठळी होऊ द्या. मग १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. रक्त घेतल्यापासून १ तासाच्या आत सीरम दुसऱ्या नळीत. तेच सीरम २ ते ८ अंशात ठेवून बर्फाच्या पॅकसोबत पाठवा. वेगळं न केलेलं रक्त फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. गोठलं की सगळ्याच पेशी फुटतात. मे महिन्यात थर्माकोलचा डबा बसच्या टपावर जाणार असेल, तर त्या दिवशी नमुना न घेतलेला बरा.

तुमच्या भागात आणखी एक कारण आहे, सिकलसेल. या रुग्णांच्या पेशी शरीरातच फुटत असतात. कितीही नीट रक्त घेतलं तरी त्यांचा एनएसई विश्वासाचा नाही. फॉर्मवर ‘सिकलसेल’ असं ठळक लिहा. त्यांच्यासाठी प्रोजीआरपी हा मार्कर बरा पर्याय आहे, त्यावर रक्त फुटण्याचा असा परिणाम होत नाही. तसंही एनएसई आणि प्रोजीआरपी हे दोन्ही मुख्यतः ‘स्मॉल सेल’ या कमी आढळणाऱ्या, वेगाने वाढणाऱ्या प्रकाराचे मार्कर आहेत. फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ टक्के दुसऱ्या, ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकाराचे असतात. त्यात सीईए आणि सायफ्रा कामाचे.

सायफ्रा २१-१ म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या केराटिन १९ चा तुटलेला तुकडा. साधारण ३.३ च्या वर वाढलेला धरतात. स्क्वॅमस या नॉन-स्मॉल सेलच्या उपप्रकारात तो सीईएपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पण किडनी मंदावली की सायफ्रा, एससीसी (स्क्वॅमस प्रकाराचाच आणखी एक मार्कर) आणि प्रोजीआरपी हे तिन्ही साचून वाढतात. त्याच नमुन्यावर क्रिएटिनिन करून आकडा शेजारी लिहा. किडनीचे रुग्ण जास्त असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या लॅबनी तर हे सोडूच नये. एससीसीच्या नमुन्यात थुंकीचा किंवा घामाचा बारीकसा थेंब गेला तरी आकडा भडकतो. उघडी नळी समोर धरून बोलायचं नाही, मास्क आणि हातमोजे घालायचे.

प्रश्न : आईच्या गाठीचा रिपोर्ट : टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, नॅप्सिन-ए पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह, केआय-६७ ३० टक्के. इतकं सगळं पॉझिटिव्ह म्हणजे आजार जास्त आहे का? आता मोठ्या दवाखान्याने पीडी-एल१ तपासायला ‘ब्लॉक’ आणायला सांगितलंय. तो काय असतो? (मेहकर, जि. बुलढाणा)

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने इथे घाबरू नका. टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए ही गाठीची जात सांगणारी प्रथिनं आहेत. ती दिसली आणि पी४० (स्क्वॅमस प्रकारात दिसणारं प्रथिन) दिसलं नाही, म्हणजे अॅडेनोकार्सिनोमा, आणि तो फुफ्फुसातच सुरू झालेला. आजार किती आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. केआय-६७ म्हणजे १०० पेशींमागे किती पेशी वाढीच्या कामाला लागल्या आहेत. जास्त असेल तर वेग जास्त, इतपत ठीक. पण फुफ्फुसाच्या या प्रकारात उपचार ठरवण्याइतकी त्याची नेमकी सीमारेषा ठरलेली नाही. ३० या आकड्यापेक्षा त्याच रिपोर्टातल्या चार ओळी जास्त बोलक्या असतात : कापलेली कड स्वच्छ आहे का, फुफ्फुसाच्या आवरणात गाठ शिरली आहे का, रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनीत पेशी दिसतात का, आणि ग्रेड. सॉलिड, मायक्रोपॅपिलरी किंवा क्रिब्रिफॉर्म अशी घातक ठेवण गाठीत २० टक्के किंवा जास्त असेल, तर ग्रेड ३ लिहितात. ग्रंथी किती ठिकाणच्या काढल्या तेही पाहा. छातीच्या मध्यभागातली किमान ३ ठिकाणं आणि फुफ्फुसाच्या मुळाशी किमान १ हवं. कमी ठिकाणं पाहून ‘ग्रंथी स्वच्छ’ लिहिलं असेल तर त्या स्वच्छतेवर भरवसा कमी.

आता ब्लॉक. आईच्या गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणात बसवलेला असतो. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर पांढरं मेण, त्यात करड्या रंगाचा नखाएवढा ठिपका, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. तो ठिपका म्हणजे आईचा सर्वांत मौल्यवान कागद. पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच्याच पातळ चकत्यांवर होतात. जिथे बायोप्सी झाली त्या लॅबला लेखी अर्ज द्या, रिपोर्टची प्रत जोडा, ब्लॉक आणि काचपट्ट्या दोन्ही मागा, नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या. ब्लॉक कागदात गुंडाळून कडक डबीत ठेवा. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद गाडीत काचेमागे त्याहून जास्त होतं. वितळलेल्या ब्लॉकमधला तुकडा हलतो, कधी चौकटीला चिकटून वाया जातो. थंड जागी, पिशवीत, स्वतःच्या मांडीवर न्या. दुसऱ्या लॅबचं काम झालं की परत मागून घ्या.

पीडी-एल१ हे प्रथिन गाठीच्या पेशीवर असलं की शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना ती ‘मला सोडा’ अशी खूण करते. १०० पैकी किती पेशींवर ते दिसलं, हे टक्क्यांत लिहितात : १ च्या खाली, १ ते ४९, ५० किंवा जास्त. मोजायला चकतीत निदान १०० जिवंत कॅन्सर पेशी लागतात. पुढे काय होईल ते सांगण्यापेक्षा, इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) उपयोग होईल का ते सांगण्यासाठी ही तपासणी आहे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ऑपरेशन झालेल्या स्टेज २ ते ३ए मध्ये, केमोनंतर, पीडी-एल१ १ टक्का किंवा जास्त असेल तर वर्षभर इम्युनोथेरपीचा पर्याय आहे. लहान गाठ आणि स्टेज १ए असेल, तर या टक्क्यावरून सहसा उपचार बदलत नाही. तेव्हा तपासणीचा खर्च करण्याआधी ‘याच्यावरून काय बदलणार?’ असं विचारा.

त्याच ब्लॉकवर ईजीएफआरची तपासणी मात्र मागून घ्या. ती जनुकाची आहे, प्रथिनाची नाही. आपल्याकडच्या अॅडेनोकार्सिनोमात हा बदल पुष्कळदा सापडतो, बिडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांत तर विशेष. तो सापडला तर स्टेज १बी ते ३ए मध्ये ऑपरेशननंतर ३ वर्षं ओसिमर्टिनिबची गोळी देतात. तिच्या मोठ्या चाचणीत ५ वर्षांनी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ८८ जण हयात होते, न घेणाऱ्यांत ७८. एएलके हे प्रथिन त्याच ब्लॉकवर रंगवून पाहतात. ते सापडलं तर अलेक्टिनिबची गोळी २ वर्षं.

प्रश्न : आमच्या रुग्णालयातून बायोप्सी बाहेर जाते. ‘नमुना खराब, मार्कर करता येत नाही’ असा शेरा परत येतो. (सर्जन, जि. वाशिम)

तीनच ठिकाणं तपासा. पहिलं, नमुना सलाइनमध्ये जातोय का? सलाइनमध्ये पेशी कुजतात, फॉर्मालिनच हवं. दुसरं, बाजारातलं ३७-४० टक्क्यांचं फॉर्मालिन तसंच ओतलं जातंय का? तुकडा बाहेरून कडक होतो, आत मुरत नाही. १ लिटर १० टक्के बफर्ड फॉर्मालिनसाठी : बाजारातलं फॉर्मालिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ६.५ ग्रॅम. क्षार न घालता नुसतं पाणी घातलं तर ते आम्ल होत जातं आणि ईजीएफआरसाठी लागणारा डीएनए तुटतो. तुकड्याच्या दहापट द्रव हवा. बाटली रुंद तोंडाची हवी. तिसरं, वेळ. तुकडा शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये, आणि लहान बायोप्सी ६ ते ४८ तासांत पुढच्या प्रक्रियेत. शनिवारी घेतलेली बायोप्सी मंगळवारी कुरिअरला गेली की प्रथिनं रंग धरत नाहीत. मग पीडी-एल१ खोटा निगेटिव्ह येतो. बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहा.

प्रश्न : गावातल्या शिबिरात ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ विकतात. लवकर निदानासाठी करावं का? (आमगाव, जि. गोंदिया)

करू नका. लहान गाठीत सीईए आणि सायफ्रा बहुतेकदा सामान्यच असतात, आणि निरोगी माणसात भलत्याच कारणाने वाढतात. चार प्रथिनं (सीईए, सायफ्रा, सीए-१२५ आणि फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंट प्रथिन-बीचं कच्चं रूप) एकत्र मोजून धोका ठरवण्यावर चांगलं संशोधन झालं आहे. पण तेही कोणाचा सीटी करावा हे ठरवायला, सीटीऐवजी नाही. खूप वर्षं बिडी-सिगारेट ओढलेल्यांसाठी कमी किरणांचा सीटी हीच सिद्ध झालेली तपासणी. अमेरिकेतल्या २०११ च्या मोठ्या चाचणीत त्याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

प्रश्न : आमच्याकडे सीआरपी आणि अल्ब्युमिन एवढंच होतं. त्यावरून काही कळतं का? (कुरखेडा, जि. गडचिरोली)

कळतं. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) १० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असेल तर गुण ०. त्याहून जास्त पण अल्ब्युमिन ३.५ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर असेल तर १. सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर २. गुण वाढतात तसा पुढचा प्रवास अवघड होत जातो, हे अनेक कॅन्सरमध्ये दिसलं आहे. पण मलेरिया, टीबी, सिकलसेलचा झटका, पायाची चिघळलेली जखम, या सगळ्यांत सीआरपी वाढतो. ताप उतरल्यावर २-३ आठवड्यांनी मोजलेलाच धरा. आणि या दोहोंपैकी अल्ब्युमिन थोडंफार आपल्या हातात आहे. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत रोज दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : भावाला थुंकीत टीबी निघाला नाही, तरी एक्स-रेवरून गोळ्या चालू आहेत. दोन महिने झाले, डाग तसाच. सीईए करू का? (आर्वी, जि. वर्धा)

सीईए नको, सीटी करा, आणि डाग गाठीसारखा दिसला तर बायोप्सी. टीबीतही छातीत पाणी झालं की त्या पाण्यात हे मार्कर वाढलेले दिसू शकतात, त्यामुळे आकड्याने गोंधळच वाढेल. थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी तपासणी) झाली नसेल तर ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. गोळ्या मनाने बंद करू नका. आधीचे सगळे एक्स-रे सोबत घेऊन सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकलला छातीविकार विभागात या आठवड्यातच दाखवा. जाताना रेशनकार्ड आणि आधार न्या. महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात. पैसे भरण्याआधी त्यांच्या खिडकीवर जा.